साव्वा प्रांतातील हत्ती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आमच्या फ्रान्समधील प्रवासाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, म्हणून आज आपणांपुढे उभे आहोत. आम्ही प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण झालेले नाही. फ्रेंच पाटीवरील अक्षरे आम्हांस ओळखता येतात, परंतु त्यांचा उच्चार करू लागलो की आमच्या नातीस हसू आवरत नाही. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. तथापि भूगोल आणि इतिहास हे दोन विषय आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकविले, आणि त्याच दोन विषयांच्या शिदोरीवर आम्ही एक परका मुलूख हिंडून पाहिला.

आज आपल्यांतील बहुतेक कुटुंबांतून कोणी ना कोणी परदेशी आहे. त्यांच्याकडे आई-वडील उन्हाळ्यात जातात, पॅरिसचा लोखंडी मनोरा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परत येतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु एखादा लहानसा प्रांत निवडून तो सावकाश पाहिला, तर मनोरा पाहून जे मिळत नाही ते मिळते, असा आमचा अनुभव आहे. आमची कन्या व जावई ग्रनोब्ल या शहरी नोकरीनिमित्त राहतात. तेथून आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर साव्वा नावाचा डोंगराळ प्रांत आहे. आपल्या पुस्तकांतून इंग्रजांच्या उच्चाराप्रमाणे त्यास ‘सॅव्हॉय’ म्हणतात. गेल्या जून महिन्यात आम्ही उभयतांनी हा प्रांत पाहिला.

प्रथम त्याचा भूगोल पाहू. फ्रान्सच्या आग्नेयेस, जेथे स्वित्झर्लंड व इटली या दोन देशांच्या सीमा त्यास भिडतात, तेथे आल्प्स पर्वताच्या कुशीत हा प्रांत वसलेला आहे. युरोपातील अत्युच्च शिखरांपैकी माँ ब्लाँ हे याच प्रांताच्या सीमेवर उभे आहे. इतिहास मात्र अधिक चमत्कारिक आहे. हा मुलूख फ्रान्सचा झाला तो १८६० साली, म्हणजे आपल्याकडील सत्तावनच्या उठावानंतर तीन वर्षांनी. तत्पूर्वी शतकानुशतके येथे साव्वाच्या सरदार घराण्याचे राज्य होते. शांबेरी ही त्यांची राजधानी. पुढे १५६३ च्या सुमारास त्यांनी आपली गादी पर्वतापलीकडे तुरीन येथे नेली, आणि याच घराण्यातील पुरुष १८६१ मध्ये एकीकृत इटलीचे राजे झाले. म्हणजे ज्या घराण्याने इटलीला राजा दिला, त्याची मूळ भूमी आज फ्रान्समध्ये आहे. बूर्जे नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी ओतकोंब नामक मठ आहे. तेथे या घराण्याच्या समाध्या असून इटलीचा अखेरचा राजा दुसरा उंबेर्तो यासही १९८३ मध्ये तेथेच मूठमाती देण्यात आली. राज्य गेले, सीमा बदलल्या, परंतु पूर्वजांच्या शेजारची जागा सुटली नाही.

आता खेड्यांकडे वळू. जावयांनी आम्हांस मोटारीने बोफोर या गावाच्या परिसरात नेले. चढणीच्या वळणावळणावर देवदारासारखी उंच झाडे, पुढे झाडे संपून हिरवी कुरणे, आणि कुरणात तांबूस रंगाच्या, डोळ्यांभोवती काजळ रेखल्यासारख्या दिसणाऱ्या गायी. हिवाळ्यात गावातील गोठ्यात बांधलेली ही जनावरे उन्हाळा लागला की वरच्या कुरणांवर नेतात व थंडीच्या तोंडाशी खाली आणतात. त्यांच्या गळ्यातील घंटांचा आवाज एवढा मोठा की आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘पोळ्याच्या दिवशी आपल्या गावी आल्यासारखे वाटते.’

या गायींच्या दुधापासून बोफोर नावाचे चीज करतात. त्याचे एकेक चक्र सुमारे चाळीस किलोचे असते आणि एक किलो चीजसाठी दहा लिटरच्या आसपास दूध लागते. हे चक्र निदान पाच महिने तळघरात मुरवावे लागते. पुसणे, मीठ चोळणे, उलटणे ही कामे अव्याहत चालू असतात. एवढा व्याप एकट्यादुकट्या शेतकऱ्याला झेपणारा नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर डोंगरातील तरुण खाली शहरांकडे जाऊ लागले आणि हा धंदा बुडतो की काय अशी स्थिती आली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारल्या आणि १९६८ मध्ये चीजच्या नावास कायद्याचे संरक्षण मिळविले. ठराविक प्रदेशात, ठराविक जातींच्या गायींच्या दुधापासून केलेल्या चीजलाच ते नाव लावता येते. वारणेचा किंवा गोकुळचा दूध संघ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस यातील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

दुसऱ्या एका चीजची कथा आम्हांस अधिक आवडली. तोन गावाच्या खोऱ्यात रब्लोशों नावाचे मऊ चीज होते. पूर्वी तेथील कुळांना गायी जेवढे दूध देत त्या मानाने जमीनदारास खंड भरावा लागे. मोजणीच्या दिवशी ही कुळे गाय अर्धवट पिळीत. कारभारी दूध मोजून गेला की पुन्हा धार काढीत. हे मागचे दूध अधिक सायीचे, आणि त्याचेच हे चीज. ‘पुन्हा पिळणे’ या अर्थाच्या बोलीभाषेतील शब्दावरून त्याला हे नाव पडले. सरकारसारा आणि कुळाची युक्ती यांचे नाते सर्व देशांत सारखेच दिसते. येथे शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना करून ठेवतो: ही परंपरागत चीजे जमविण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात. ज्यांस ते वर्ज्य असेल त्यांनी दुकानात आधी विचारून घ्यावे.

ही हिरवळ पाहून हा प्रांत सदैव सुखात होता असे मात्र समजू नये. येथील जमीन थोडी, हिवाळा दीर्घ, आणि तोंडे पुष्कळ. त्यामुळे पूर्वी थंडी सुरू झाली की येथील पुरुष, एवढेच नव्हे तर लहान लहान मुलेसुद्धा, पॅरिसपर्यंत पायी जात आणि घरोघरची धुराडी झाडून पोट भरीत. अरुंद धुराड्यात मोठा माणूस शिरत नाही, म्हणून मुलांना वर चढवीत. साव्वाचा धुराडी झाडणारा पोर त्या काळी सगळ्या फ्रान्सला ठाऊक होता. गिरणगावातील चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर ज्या कोकणाने आपल्या चुली पेटविल्या, त्या कोकणातील माणसास हे ऐकून परके वाटत नाही.

या प्रांतातील शहरांपैकी आन्सी हे सर्वांत देखणे. सरोवरातून निघालेली त्यू नावाची छोटी नदी गावातून वाहते. तिच्या ऐन प्रवाहात, गलबताच्या नाळेसारखी निमुळती अशी एक दगडी इमारत उभी आहे. तिचा आरंभ बाराव्या शतकातील. टांकसाळ, न्यायकचेरी, कारागृह अशी नाना कामे तिने केली व आज ती संग्रहालय होऊन बसली आहे. परंतु आमचे लक्ष वेधले ते सरोवराच्या पाण्याने. काठावर उभे राहिले असता तळचे गोटे मोजता यावेत इतके ते स्वच्छ! हे पाणी निसर्गाच्या कृपेने आपोआप असे राहिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गावोगावचे सांडपाणी त्यात मिसळू लागले व मासे घटू लागले, तेव्हा एका स्थानिक डॉक्टरांनी ही गोष्ट लोकांपुढे मांडली. १९५७ साली काठावरील गावांनी एकत्र येऊन एक संयुक्त संस्था स्थापन केली आणि सरोवराभोवती गटाराचे कडे बांधून सर्व सांडपाणी दूर शुद्धीकरणासाठी नेले. आज आन्सी शहर त्याच सरोवराचे पाणी पिते. आपल्याकडील किती तळी व नद्या अशा एखाद्या ठरावाची वाट पाहत आहेत, हे या सभागृहात आम्ही सांगावयास नको.

बूर्जे सरोवराच्या काठचे एक्स-ले-बँ हे उन्हाळ्यांचे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. रोमन लोकांपासून तेथे स्नानाची प्रथा आहे. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८८५ पासून तीन वेळा तेथे येऊन राहिली. हे सरोवर म्हणजे संपूर्णपणे फ्रान्सच्या हद्दीत असलेल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक सरोवरांपैकी एक होय.

आता शांबेरीकडे वळतो. कारण आमच्या भाषणाचा खरा विषय तेथे आहे. हे जुन्या राजधानीचे गाव. उंचवट्यावर सरदारांचा किल्ला, त्यात सुंदर देवालय, आणि देवालयाच्या मनोऱ्यात सत्तर घंटांचा संच. खाली अरुंद बोळ. एका घराखालून शिरावे व दुसऱ्याच रस्त्यावर निघावे, अशी त्यांची रचना. येथील मुख्य चर्चमध्ये शिरताच दगडी कोरीव कामाने मन थक्क होते, आणि हात लावल्यावर कळते की ते कोरीव काम नसून सपाट भिंतीवरील चित्र आहे! सुमारे सहा हजार चौरस मीटर एवढा पृष्ठभाग अशा आभासी चित्रांनी व्यापला आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर फ्रेंच तत्त्वज्ञ रूसो तरुणपणी ज्या घरात राहिला ते घरही जपून ठेवले आहे.

आणि याच गावाच्या चौकात चार हत्ती आहेत!

ओतीव लोखंडाचे हे चार हत्ती चार दिशांना तोंडे करून उभे आहेत. त्यांच्या सोंडांतून पाणी पडते आणि त्यांच्या मधोमध सतरा मीटरांहून उंच असा स्तंभ असून माथ्यावर एका सेनापतीचा पुतळा आहे. हत्तींचा पुढचा अर्धा भाग तेवढा दिसतो. मागचा अर्धा स्तंभात लुप्त झाला आहे. त्यावरून गावकऱ्यांनी त्यांस एक गमतीदार नाव ठेवले आहे. सभ्य भाषेत त्याचा अर्थ ‘मागचे अंग नसलेले चौघे’ असा होतो. हे स्मारक १८३८ मध्ये उभारले गेले, आणि वर उभा असलेला सेनापती म्हणजे आपल्या इतिहासात ‘डी बॉईन’ या नावाने येणारा, महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा सरदार.

हा गृहस्थ शांबेरीतील एका केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म १७५१ चा. नशीब काढण्यासाठी तो बाहेर पडला. फ्रान्सच्या पलटणीत राहिला, रशियाच्या चाकरीत तुर्कांच्या कैदेत पडला, आणि फिरत फिरत १७७८ मध्ये मद्रासला येऊन पोहोचला. दिल्लीच्या कारभाराची सूत्रे महादजींच्या हाती आली त्याच वर्षी, म्हणजे १७८४ मध्ये, तो त्यांच्या सेवेत शिरला. प्रथम दोन पलटणी त्याने तयार केल्या. १७८७ च्या लालसोटच्या अवघड प्रसंगी त्या जागच्या हलल्या नाहीत. १७९० मध्ये पाटण व मेडता येथील लढाया त्यांच्या जोरावर जिंकल्या गेल्या. फौजेच्या खर्चासाठी महादजींनी त्यास गंगा-यमुनांच्या दुआबातील मोठा मुलूख तोडून दिला. १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे महादजी वारले. त्यानंतर काही वर्षांत अपार संपत्ती घेऊन डी बॉईन युरोपास परतला.

त्या संपत्तीचे त्याने काय केले हे शांबेरीत पावलोपावली दिसते. रुग्णालयास देणगी, निराधार वृद्धांसाठी घर, मनोरुग्णांसाठी आश्रय, नाट्यगृह, आणि गावाच्या मध्यातून काढलेला कमानींचा सरळ, रुंद रस्ता. त्या रस्त्यास आजही त्याचेच नाव आहे. पावसात भिजू नये म्हणून लोक त्या कमानींखालून चालतात. १८३० साली तो वारला. तो राहत होता त्या वाड्याभोवतीची बाग आज सार्वजनिक आहे. धुराडी झाडावयास जाणाऱ्या गरीब मुलखातील माणूस परदेशी जाऊन श्रीमंत झाला, आणि त्याने आपल्या गावाचे ऋण फेडले. गावानेही कृतज्ञतेने त्यास हत्तींच्या खांद्यावर बसविले. इथपर्यंतची कथा ऐकून मराठी माणसाची मान ताठ होते, आमचीही झाली.

त्या वेळी आमची आठ वर्षांची नात आमचे बोट धरून उभी होती. तिचा जन्म तिकडचा, शिक्षण तिकडचे. तिने विचारले, ‘आजोबा, हे हत्ती आपले आहेत का?’

शिक्षकास विद्यार्थ्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाचीच अधिक धास्ती असते. ‘होय’ म्हटले तर अभिमान होतो, परंतु इतिहास अर्धा राहतो. ‘नाही’ म्हटले तर तेही खरे नव्हे. आम्ही तिला म्हणालो, ‘बाळ, हत्तींचा पुढचा भाग इथे आहे. मागचा भाग दिसत नाही ना? तो आपल्याकडे राहिला आहे. तो कसा आहे हे मी तुला सांगतो.’ आणि कारंज्याच्या कठड्याजवळ उभे राहून जे तिला सांगितले तेच आज आपणांसही सांगतो.

ज्या उत्तर हिंदुस्थानातून त्या फौजेचा खर्च निघाला, तो मुलूख १७८३-८४ च्या घोर दुष्काळातून नुकताच बाहेर आला होता. विक्रम संवत १८४० मध्ये पडलेला म्हणून लोक त्यास ‘चालिसा’ म्हणत. शेतकरी मेले होते, गावे ओस पडली होती. उरलेल्यांनी नांगर धरला आणि सारा भरला. त्याच दुआबाच्या साऱ्यातून पलटणींचे पगार झाले, आणि फौजेच्या सरदाराचे ऐश्वर्यही त्याच चाकरीत जमले. त्या शेतकऱ्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

पलटणींत जे शिपाई लढले ते हिंदुस्थानीच होते. अधिकारी मात्र बहुधा युरोपीय. कवाईत विकत मिळाली, परंतु ती शिकविणारे आपले अधिकारी तयार झाले नाहीत. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटताच त्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांनी शिंद्यांची चाकरी सोडली. अलीगड गेले, दिल्ली गेली, आणि १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीच्या रणात उरलेल्या पलटणी शिपायांच्याच शौर्याने झुंजत नष्ट झाल्या. डी बॉईन त्या वेळी युरोपात सुरक्षित होता. त्यास दोष देण्याचे कारण नाही. तो पगारी सरदार होता आणि करार संपवून गेला होता. परंतु जे ज्ञान आपण विकत घेतो व आपल्या मुलांच्या हाती देत नाही, ते विकणाऱ्याबरोबरच निघून जाते, हा धडा त्या हत्तींच्या मागच्या भागात आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती नातीस त्या दिवशी सांगितली नाही, मोठी झाल्यावर सांगू. हिंदुस्थानात असता त्याने नूर बेगम नावाच्या स्त्रीशी संसार केला होता. तिला व दोन मुलांना तो इंग्लंडात घेऊन गेला, आणि १७९८ मध्ये त्याने एका सतरा वर्षांच्या फ्रेंच उमराव कन्येशी नवा विवाह केला. नूर बेगमेस हेलन बेनेट हे नाव मिळाले, पोटगी मिळाली, आणि इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात दीर्घकाळ एकाकी जीवन कंठून ती १८५३ मध्ये वारली. शांबेरीच्या कमानींखालून चालताना आमच्या सौभाग्यवतींनी तिचीच आठवण काढली. ‘गावाला सगळे दिले, आणि जिने मुलूख सोडला तिला काय दिले?’ असे त्यांनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मित्रहो, हे सर्व सांगण्यात शांबेरीकरांना उणे लेखण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांनी हत्ती उभारले, म्हणजे संपत्ती कोठून आली हे लपविले नाही, आणि ते स्मारक आजवर जपले. पैसा पूर्वेकडून आला असे भर चौकात सांगणारी गावे जगात थोडी आहेत. जी जपणूक त्यांनी सरोवराच्या पाण्याची, गायींच्या कुरणांची व चीजच्या नावाची केली, तीच आठवणींचीही केली. आपल्या वाट्याचा अर्धा भाग जपणे हे मात्र त्यांचे काम नव्हे. ते आपले काम आहे.

म्हणून जाता जाता दोन व्यवहारी सूचना करतो. परदेशी मुलांकडे जाल तेव्हा एक प्रांत निवडा, आगगाडीने हिंडा, पायांत चढणीस योग्य असे जोडे घाला. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना प्रथम ‘बाँझूर’ म्हणावे. त्याशिवाय काही मागणे असभ्यपणाचे समजतात. दुपारी पुष्कळ दुकाने बंद असतात, तेव्हा शिदोरी बरोबर ठेवावी. आणि निघण्यापूर्वी त्या प्रांताचा इतिहास वाचावा. आपला धागा त्यात कोठे गुंतला आहे काय, ते पाहावे.

दुसरी सूचना नातवंडांसंबंधी. ती सुट्टीत इकडे येतात तेव्हा त्यांना केवळ लग्नकार्ये व बाजार दाखवू नका. आमची नात या डिसेंबरात आली होती. आम्ही तिला पुण्यास वानवडीला शिंद्यांच्या छत्रीवर नेले. तेथे तिने महादजींच्या समाधीवर फुले वाहिली आणि परत जाताना आपल्या वहीत हत्तीचे एक चित्र काढले. ते चित्र पूर्ण आहे. त्यास पुढचे अंग आहे आणि मागचेही. ती वही ती आता तिच्या तिकडच्या शाळेत दाखविणार आहे.